यकृतांतील 'ध' चा 'मा'

इतिहासाच्या पुस्तकांत नारायणराव पेशव्यांच्या वधाचा प्रसंग तुम्हीं वाचलाच असेल. इ. स. १७७३ च्या ऑगस्ट महिन्यांत पुण्याच्या शनिवारवाड्यांत गारद्यांनीं त्या तरुण पेशव्यास ठार मारिलें. पत्रांत 'धरावें' असें लिहिलें होतें. आनंदीबाईंनीं एकच अक्षर पालटून त्याचें 'मारावें' केलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, 'ध' चा 'मा' करणें हा वाक्प्रचार तेव्हांपासून मराठींत कायमचा राहिला. मनुष्याच्या शरीरांतही एका अक्षराचा असाच पालट होतो, आणि ती मात्र आख्यायिका नव्हे. ती प्रयोगशाळेंत अक्षरशः वाचून पाहिलेली गोष्ट आहे. हा पालट यकृतांत घडतो, त्यानें एक रक्षक निकामी होतो, आणि त्यास पुष्कळदां एखादा बुरसटलेला दाणा कारण होतो. त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम यकृताविषयीं थोडेंसें. बोलतांना आपण 'काळीज' म्हणून छातीकडे बोट दाखवितों. परंतु खाटकाच्या दुकानांत जिला 'कलेजी' म्हणतात, ती म्हणजे यकृत होय. उजव्या बाजूस बरगड्यांच्या आड तें असतें, आणि प्रौढ मनुष्यांत त्याचें वजन सुमारें दीड किलो भरतें. आपण खाल्लेल्या अन्नाचा बहुतेक पचलेला अंश आंतड्यांतून निघाला कीं प्रथम यकृतांत येतो, आणि तेथें त्याची जणूं जकातनाक्यावर व्हावी तशी झडती होते. साखर सांठविणें, पित्त बनविणें, रक्त गोठण्यास लागणारीं द्रव्यें तयार करणें, हीं कामें तर तें करतेंच. शिवाय औषधें व विषें ह्यांचें रूपांतर करून तीं शरीराबाहेर टाकण्याजोगीं करणें हेंही त्याचेंच काम. हें शेवटचें काम ध्यानांत ठेवावें. पुढें सारा घात येथेंच होतो.

यकृताचा दुसरा गुण मोठा विलक्षण आहे. १९३१ सालीं हिगिन्स व अँडरसन ह्या दोघांनीं पांढऱ्या उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला, तों थोड्याच दिवसांत उरलेला भाग वाढून यकृत पुन्हां पूर्वीच्या वजनाचें झालें! एरवीं निरोगी प्रौढाच्या यकृतांतील पेशी फार क्वचित् दुभागतात. त्या आपापल्या कामांत गढलेल्या असतात. परंतु कांहीं पेशी मेल्या कीं शेजारच्या पेशी दुभागून ती जागा भरून काढतात. शरीराच्या ह्या औदार्याचें कौतुक वाटतें खरें; पण प्रत्येक दुभागणीच्या वेळीं पेशींतील सर्व लेख नव्यानें नकलून काढावा लागतो, आणि नक्कल म्हटली कीं चुकीचा संभव आलाच.

हा लेख कोणता? प्रत्येक पेशीच्या केंद्रांत डी. एन्. ए. नांवाच्या द्रव्याचे लांब धागे असतात. त्यांवर चार रसायनांच्या रूपानें चार अक्षरें पुनःपुन्हां आलेलीं असतात. ॲडेनिन, ग्वानिन, थायमिन व सायटोसिन हीं त्यांचीं नांवें. आपण सोयीसाठीं त्यांस अ, ग, थ, स असें म्हणूं. तीन अक्षरें मिळून एक शब्द होतो, आणि प्रत्येक शब्द म्हणजे प्रथिनाच्या माळेंत कोणता मणी ओवावा ह्याविषयींचा हुकूम असतो. एका प्रथिनाचा सबंध हुकूमनामा म्हणजे एक जनुक. आपणांत प्रत्येक जनुकाच्या सामान्यतः दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली. ही तरतूद फार शहाणपणाची आहे, कारण एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम निभावतें.

आपल्या कथेंतील जनुक सतराव्या गुणसूत्राच्या आंखूड भुजेवर आहे. त्यापासून होणाऱ्या प्रथिनास पी-५३ म्हणतात. ह्या नांवांत एक गंमत आहे. शास्त्रज्ञांनीं प्रथम त्याचें वजन मोजलें तें त्रेपन्न हजार एकक भरलें, म्हणून हें नांव पडलें. पुढें त्यांतील ३९३ मणी मोजून हिशेब केला, तों खरें वजन चव्वेचाळीस हजारांच्या आंतच निघालें. मोजण्याच्या रीतींत हें प्रथिन जरा मंद सरकतें, त्यामुळें जड भासलें. पण एकदां पडलेलें नांव कोण बदलतो? तेंच चालूं राहिलें.

पी-५३ चें काम पहारेकऱ्याचें आहे. पेशींत सारें सुरळीत असतां तें फारसें दिसत नाहीं. तयार होतें आणि थोड्याच मिनिटांत मोडून टाकलें जातें. परंतु डी. एन्. ए. चा धागा तुटला किंवा त्यावर कांहीं विपरीत चिकटलें, कीं हें मोडणें थांबतें आणि पी-५३ चा सांठा झपाट्यानें वाढतो. मग त्याचे चार रेणू एकत्र येतात, डी. एन्. ए. वरील ठराविक जागा पकडतात आणि दुसऱ्या जनुकांस जागें करितात. त्यांतील एका जनुकाचा हुकूम असा कीं, दुरुस्ती होईपर्यंत पेशीनें दुभागूं नये. दुरुस्ती होण्याजोगी नसेल, तर दुसरीं कांहीं जनुकें पेशीस स्वतःचा शेवट करावयास लावतात. ह्या शिस्तबद्ध मरणास १९७२ सालीं ॲपॉप्टॉसिस असें ग्रीक नांव मिळालें; त्याचा मूळ अर्थ पानगळ असा आहे. हें मरण ऑस्ट्रेलियाच्या जॉन केर ह्यांनीं प्रथम बारकाईनें पाहिलें तेंही उंदराच्या यकृतांतच, हा एक योगायोग. झाडानें पिकलें पान टाकावें, तशी शरीर आपली बिघडलेली पेशी टाकून देतें. ही पानगळ जेथें थांबते, तेथें बिघडलेली पेशी तशीच दुभागत राहते, तिची संतति वाढते, आणि अखेर गांठ होते.

आज हें इतक्या सोपेपणानें सांगतां येतें. परंतु शास्त्रज्ञांस दहा वर्षें ह्याच्या अगदीं उलट वाटत होतें. १९७९ सालीं लंडन, प्रिन्स्टन व न्यूयॉर्क येथील निरनिराळ्या मंडळींस हें प्रथिन जवळजवळ एकाच वेळीं सांपडलें. कोणास तें माकडांच्या एका विषाणूनें बिघडविलेल्या पेशींत दिसलें, तर कोणास उंदरांच्या गांठींत. निरोगी पेशींत तें जवळजवळ नाहींच, आणि रोगट पेशींत भरपूर! तेव्हां रोग करणारें तेंच असावें, असा तर्क झाला. पुढें त्याचें जनुक वेगळें काढून पेशींत सोडलें, तों पेशी खरोखरच कर्करोगाच्या वाटेला लागूं लागल्या. पुरावा पुरता झाला असें वाटलें. १९८९ सालीं मात्र उलगडा झाला. बाल्टिमोर येथील बर्ट व्होगेलस्टाइन ह्यांच्या मंडळीनें आंतड्याच्या कर्करोगांत पाहिलें, तों ह्या जनुकाची एक प्रत नाहींशी झालेली व उरलेली प्रत बिघडलेली आढळली. प्रिन्स्टनच्या आर्नल्ड लेव्हिन ह्यांच्या प्रयोगशाळेंत निर्दोष जनुक पेशींत घातलें, तों कर्करोगाची वाटचाल थांबली. आधींच्या प्रयोगांत वापरलेल्या जनुकाच्या प्रती बिघडलेल्या होत्या, ही गोष्ट तेव्हां उघड झाली. चोरी झालेल्या घरांत पहारेकरी सांपडला म्हणून त्यालाच चोर ठरवावें, तसें हें झालें होतें. फरक इतकाच कीं, सांपडलेला पहारेकरी खरोखरच फितूर झालेला होता, आणि त्यावरून साऱ्या पहारेकऱ्यांची जात वाईट ठरली! मनुष्याच्या एकंदर कर्करोगांपैकीं सुमारें निम्म्यांत हें जनुक बिघडलेलें आढळतें. शास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं हें प्रकरण विसरूं नये असें मला वाटतें, कारण प्रयोगाचें उत्तर बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकूं शकतो ह्याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचित् मिळतें.

आतां कथा इंग्लंडांतील कोंबडवाड्यांकडे वळते. १९६० सालीं त्या देशांत टर्की नांवाच्या मोठ्या पक्ष्यांचीं पिलें अकस्मात् मरूं लागलीं. थोड्याच महिन्यांत एक लाखाहून अधिक पिलें मेलीं. रोगाचें कारण कळेना, म्हणून त्यास 'टर्की-एक्स' असें नांव दिलें. बीजगणितांत अज्ञात संख्येस क्ष म्हणतात तसें. पिलांचीं यकृतें पार बिघडलेलीं दिसत. शोध करितां करितां माग त्यांच्या खाद्यावर येऊन थांबला. त्यांत ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती, आणि त्या पेंडींत एका पिवळसर हिरव्या बुरशीचा वास होता. ॲस्पर्जिलस फ्लेव्हस हें त्या बुरशीचें नांव. त्यांतील आद्याक्षर, दुसऱ्या शब्दाची सुरुवात व पुढें विष ह्या अर्थाचा शब्द जोडून अफ्लाटॉक्सिन असें त्या विषाचें नांव केलें. अतिनील किरणांखालीं त्याचा एक प्रकार निळा चमकतो व दुसरा हिरवा. त्यावरून इंग्रजी आद्याक्षरें घेऊन बी व जी असे वर्ग पडले. बी-१ हा त्यांतील सर्वांत घातक. ती पेंड उंदरांस चारली, तेव्हां १९६१ सालींच त्यांच्या यकृतांत गांठी झालेल्या दिसल्या.

पक्ष्यांची गोष्ट पक्ष्यांपाशीं राहिली असती तर बरें होतें. १९७४ च्या अखेरीस आपल्या शेजारच्याच मुलखांत, गुजराथेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा ह्या लगतच्या जिल्ह्यांत, आदिवासी खेड्यांतून कावीळ पसरली. डोळे पिवळे होत, पोटांत पाणी सांचे, आणि पुष्कळ रोगी थोड्याच आठवड्यांत दगावत. ज्या घरीं माणसें आजारी, त्याच घरचीं कुत्रींही तशींच आजारी पडत; आणि हीच खूण मोलाची ठरली, कारण मनुष्याची साथीची कावीळ कुत्र्यांस होत नाहीं. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनीं तपास केला. त्या वर्षीं कापणीच्या सुमारास अवेळीं पाऊस पडून मका भिजला होता, तो तसाच सांठविला गेला, आणि त्यावर बुरशी चढली होती. सुमारें चारशें माणसें आजारी पडलीं व त्यांतील शंभराहून अधिक मेलीं. मका काळा पडला हें त्यांस दिसत नव्हतें असें नाहीं. घरांत दुसरें धान्यच नव्हतें.

हें झालें एकदम पुष्कळ विष पोटांत गेल्याचें. तें थोडें थोडें वर्षानुवर्षें जात राहिलें, तर काय होतें? येथें यकृताचें तें शेवटचें काम आठवावें. बी-१ हें विष यकृतांत आल्यावर तेथील विकरें, म्हणजे रसायनक्रिया घडविणारीं प्रथिनें, त्याचें रूपांतर करूं लागतात. हेतु असा कीं, तें पाण्यांत विरघळून निघून जावें. परंतु ह्या रूपांतरांत मधल्या पायरीवर जें द्रव्य होतें, तें मूळच्या विषाहून भयंकर असतें. तें डी. एन्. ए. मधील 'ग' ह्या अक्षरास जाऊन चिकटतें. त्याच वेळीं पेशी दुभागावयास निघाली, तर नक्कल करणारी यंत्रणा त्या चिकटलेल्या 'ग' पाशीं चकते, आणि पुढच्या पिढींत त्या जागीं 'थ' येऊन बसतो. चिकटलेलें विष पुढें धुऊन जाईल. पण आलेला 'थ' जात नाहीं.

१९९१ सालीं दोन निरनिराळ्या मंडळींनीं यकृताच्या कर्करोगाच्या गांठी घेऊन त्यांतील पी-५३ चें जनुक अक्षर अक्षर वाचलें. एका मंडळीच्या गांठी चीनमधील चीडोंग येथील होत्या व दुसरीच्या दक्षिण आफ्रिकेच्या प्रदेशांतील. दोन्ही ठिकाणीं बुरशीचें विष लोकांच्या अन्नांत फार. चीडोंगच्या सोळा गांठींपैकीं आठांत चूक अगदीं एकाच जागीं निघाली: दोनशें एकोणपन्नासाव्या शब्दाचें तिसरें अक्षर. मूळ शब्द 'अगग'. त्याचा झाला होता 'अगथ'. 'अगग' ह्या हुकुमानें आर्जिनीन नांवाचा मणी ओवला जातो, आणि 'अगथ' नें सेरीन. पी-५३ चा जो भाग डी. एन्. ए. ला पकडतो, त्याचा आकार ताठ ठेवण्यास तो आर्जिनीन लागतो. तो गेला कीं पकड सैल होते. पहारेकरी जागेवर असतो, पण त्याच्या हातांत बळ राहत नाहीं. शिवाय चार रेणू एकत्र येऊन काम करावयाचें असल्यामुळें एक बिघडलेला रेणू आपल्या चांगल्या सोबत्यांसही निकामी करूं शकतो. ३९३ शब्द, म्हणजे हजाराहून अधिक अक्षरें, आणि इतक्या गांठींत चूक त्या एकाच अक्षरांत! युरोपांत व जपानांत, जेथें हें विष अन्नांत फारसें नसतें, तेथील यकृताच्या कर्करोगांत ही चूक क्वचितच आढळते. रोग झालेल्या मनुष्यानें वीस वर्षांपूर्वीं काय खाल्लें, ह्याची साक्ष त्याच्या पेशींनीं लिहून ठेविली होती असेंच म्हणावें लागतें.

ह्या पालटास एक साथीदारही आहे. हिपॅटायटिस-बी नांवाच्या काविळीचा विषाणू कित्येकांच्या यकृतांत जन्मभर घर करून राहतो. मातेकडून तो जन्मतःच बालकास मिळाला, तर दहापैकीं सुमारें नऊ बालकांत तो कायमचा राहतो. अशा यकृतांत पेशी सतत मरत असतात व सतत नव्या होत असतात. म्हणजे नकला सारख्या चालूं असतात. त्यांत बुरशीचें विष आलें, कीं चूक पक्की होण्यास आयतीच संधि मिळते. शांघाय येथें अठरा हजारांहून अधिक पुरुषांस कित्येक वर्षें नजरेखालीं ठेवून पाहिलें, तेव्हां असें दिसलें कीं, ज्यांच्या शरीरांत नुसत्या विषाच्या खुणा होत्या त्यांस यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारें साडेतीन पट होता. नुसता विषाणू असणाऱ्यांस सुमारें सात पट. आणि दोन्ही असणाऱ्यांस साठ पटींच्या घरांत. साडेतीन व सात ह्यांची बेरीज करा, नाहींतर गुणाकार करा, साठ कांहीं होत नाहींत!

परंतु ह्या कथेंत उजेडाचा भागही आहे, आणि तो त्याच चीडोंगमधून येतो. यांग्त्से नदीच्या मुखापाशीं असलेल्या त्या दमट मुलखांतील लोकांचें मुख्य अन्न पूर्वीं मका होतें. १९८० च्या पुढें बाजाराची बंधनें सैल झाल्यावर त्यांस तांदूळ मिळूं लागला व ते मका सोडून भात खाऊं लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्या रक्तांतील विषाच्या खुणा अगदीं मावळत गेल्या, आणि यकृताच्या कर्करोगानें होणारे मृत्यु निम्म्याच्या आसपास उतरले. लस टोंचलेली पिढी अद्याप त्या रोगाच्या वयास आली नव्हती. तेव्हां हा बदल मुख्यतः ताटांतील धान्यानें झाला असें संशोधकांनीं म्हटलें आहे. लसीचें कामही तितकेंच मोठें आहे. तो विषाणू शोधण्याबद्दल बारूख ब्लुम्बर्ग ह्यांस १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तैवानांत १९८४ पासून नवजात बालकांस लस देऊं लागले, आणि दहा-बारा वर्षांत तेथील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत हा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला. भारतांत २०११ सालापर्यंत ही लस सर्व राज्यांच्या बालकांच्या लसीकरणांत आली. पालकांनीं आपल्या घरीं बाळ जन्मल्यावर पहिली मात्रा चोवीस तासांच्या आंत मिळते कीं नाहीं, हें आवर्जून विचारावें.

आपल्या घरांत भुईमूग रोजचाच. चटणींत दाणे, आमटींत कूट, उपासाला लाडू. म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं, पण डोळे उघडे ठेवण्याचें आहे. हें विष सर्व दाण्यांत सारखें पसरलेलें नसतें. पुष्कळदां शेंकडों चांगल्या दाण्यांत थोडेच दाणे वाईट असतात, आणि बहुतेक विष त्या थोड्यांतच असतें. सुरकुतलेले, काळपट, बुरशी चढलेले दाणे सुपांत निवडून काढण्याची आपल्या आज्यांची रीत ह्यामुळेंच फार मोलाची आहे. प्रत्येक खवट दाणा विषारीच असतो असें नव्हे, परंतु तोंडांत आला तर थुंकून टाकावा हें बरें. भाजल्यानें किंवा शिजविल्यानें विष कांहीं अंशीं कमी होतें, नाहींसें होत नाहीं. तेव्हां बुरसटलेला दाणा भाजून कुटांत दडविणें म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. शेतकऱ्यांच्या मुलांनीं घरीं हेंही सांगावें कीं, शेंगा काढल्यावर त्या लवकर व कडकडीत वाळवाव्या, आणि पोतीं उघड्या जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर ठेवावीं. बुरशी आलेली पेंड गाईम्हशींस घातली, तर विषाचा अंश रूप पालटून दुधांत उतरतो. खराब झालेलें धान्य 'तेवढेंच पुण्य' म्हणून दारीं आलेल्यास किंवा घरच्या मोलकरणीस देण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. पंचमहालच्या त्या मक्याची हकीकत कळल्यावर ह्या पुण्यास काय नांव द्यावें, तें वाचकांनींच ठरवावें.

आणखी एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. कोणास यकृताचा रोग झाला असें ऐकिलें, कीं शेजारीपाजारी लगेच मद्याचें नांव घेतात. मद्यानें यकृत बिघडतें व त्याचा कर्करोगही होतो, हें निर्विवाद आहे. परंतु ज्यानें जन्मांत प्याला हातीं धरला नाहीं, त्यासही आईच्या उदरांतून निघतांना मिळालेल्या विषाणूमुळें, किंवा गरिबीच्या भाकरींतून गेलेल्या बुरशीमुळें हा रोग होतो. त्याच्या बायकामुलांस खालीं मान घालून हिंडावें लागावें, हा अन्याय केवळ अज्ञानाचा आहे. हा कर्करोग स्पर्शानें लागत नाहीं, हेंही सांगून ठेवितों, कारण रोग्याचें भांडें वेगळें ठेवणारीं घरें अजून आहेत.

शोध अद्याप चालूं आहे. मरणाऱ्या पेशींच्या डी. एन्. ए. चे तुकडे रक्तांत येऊन तरंगत असतात. आफ्रिकेंतील गांबिया देशांत यकृताच्या कर्करोगाच्या रोग्यांचें रक्त घेऊन त्यांतील असे तुकडे वाचले, तों कित्येकांत तोच दोनशें एकोणपन्नासावा शब्द 'अगथ' असा लिहिलेला मिळाला. चीडोंगमध्यें तर कांहीं मनुष्यांचें रक्त ते धडधाकट दिसत असतांनाच घेऊन ठेविलें होतें. पुढें त्यांस रोग झाल्यावर तें जुनें रक्त काढून तपासलें, आणि कोणासही कसली शंका येण्यापूर्वींच्या त्या रक्तांत, कित्येक नळ्यांत, तो 'थ' आधींच येऊन बसलेला होता.